अकरा मिनिटं

डिसेंबर, ग्वाल्हेर, रात्रीचे साडेनऊ.
कंपूच्या बाजूनं निघालेलं धुकं
लॅब नंबर तीनच्या गजांपर्यंत येऊन थांबलंय.
आत चाळीस यंत्रं. दहा-बारांवर हात मारून पाहिला,
प्रत्येकाचा तोच टोमणा: पासवर्ड चुकीचा.
चुकीचा नाही. माझाच आहे. नऊ वर्षं बदललेला नाही,
हे मुलांना सांगू नये.
उद्या नवाला त्यांची प्रॅक्टिकल.

आधी सगळेच वायरी चाचपतात, मीही चाचपल्या.
सर्व्हरला हाक मारली. ओ देतो.
मग यंत्राला विचारलं, ही ढमढेरे कोण?
त्यानं घडाघडा सांगितलं:
क्रमांक, गट, घराचा पत्ता,
अगदी आडनावासकट, ज्याचं इकडे कुणीही
धमधेरे करतं, ढमढेर करतं, बँकेत एकदा ढमाढम.
म्हणजे ओळख आहे.
ओळख आहे आणि दार बंद आहे.
अशी माणसं माझ्या सासरी दोन आहेत.

पिंगळीकर सर शिकवायचे,
नावं ठेवणारी वही वेगळी
(इथे हसायचे, दर वर्षी, त्याच जागी)
आणि आत सोडणारा पहारेकरी वेगळा.
पहारेकरी म्हणजे ग्रीकांचा तीन डोक्यांचा कुत्रा.
मला मात्र दत्ताच्या पायाशी बसलेले चार आठवत,
जे कुणालाच अडवत नाहीत.

हा अडवतो.
लॉग उघडला. गव्हातले खडे निवडावेत
तशा ओळी निवडत गेले, तासभर.
रामसेवक कुशवाहानं चहाचं कुल्हड ठेवलं,
भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग सर्व्हरच्या पडद्याकडे,
आणि म्हणाला,
"मॅडम, आपका ये बड़ावाला लेट चल रहा है."

अकरा मिनिटं.
दुपारी वीज गेली, यूपीएसनं मान टाकली,
आठाण्याएवढा आतला सेल कधीचा अर्धमेला.
वीज नव्हती तेवढा वेळ
सर्व्हरच्या हिशेबी घडलाच नाही.
कुत्र्याची सूट पाच मिनिटांची;
त्यापलीकडे पानिपतावरून खुद्द भाऊ आले
तरी तोतयेच.

कोपऱ्यातल्या भंगारातून एक सेल उपटला, बसवला.
वेळ जुळवली.
एकेक चौकट उघडत गेली,
रामसेवक मोठ्यानं मोजत होता, जणू पोती उतरवतोय:
अडतीस. उनतालीस.

राहिला सतरा नंबर.
तो तर संध्याकाळपासून चालू आहे, हे रामसेवक आता सांगतो.
उंदरानं वायर कुरतडलेली.
उन्हाळ्यापासून सतराचं कुणाशी बोलणं नाही,
जुन्या आठवणीवर दार उघडतो.
कीबोर्डखाली चिठ्ठी. सरांचं तिरकं अक्षर.
तिच्यावरचं जसंच्या तसं टाईप केलं
आणि आत गेले.

एक अर्धवट प्रश्नपत्रिका.
प्रश्न चौथा, गुण दहा,
पुढे काही नाही.

सर ऑगस्टमध्ये गेले.
वहीतलं नाव मीच खोडलं, तेराव्याच्या आधी,
नियम तसा आहे, आठवडाभरात काढायचं.
सतराला कुणी कळवलं नव्हतं.

नवी वायर हातात घेऊन किती वेळ बसले
ते सर्व्हरला विचारा, आता त्याचं घड्याळ बरोबर आहे.
प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर घेतली.
पोरं चाळीस आहेत.
खट्.
पुन्हा तेच नाव, तोच पासवर्ड.
असा कोणी नाही.

गेटवर नवा गार्ड, स्वेटरवर स्वेटर,
टॉर्च थेट तोंडावर. "कौन?"
मफलर खाली करून नाव सांगितलं.
त्यानं रजिस्टरमध्ये लिहिलं, सुनीता ढिंगरे,
वेळ अकरा,
दोन्ही चूक,
आणि दार उघडलं.